उजेडात बघू

गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या केळवणाला द्यायची साडी घ्यायला लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात गेले होते. दुकान चार मजली, पूर्ण वातानुकूलित. खाली रोजच्या वापरातल्या साड्या आणि ड्रेस मटेरियल, पहिल्या मजल्यावर काठपदर आणि पैठण्या, त्यावर शालू, सगळ्यात वर पुरुषांचे आणि मुलांचे कपडे. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, सोबत सून. आजींनी ढीगभर साड्यांतून एक बाजूला काढली होती. धूपछाव रंग, ताणा हिरवा, बाणा आमसुली, त्यामुळे घडी हलली की रंगही हलायचा. त्यांनी आधी काठ चिमटीत धरून चोळून पाहिला, मग पदर उलटा करून मागचे धागे पाहिले, मग साडी गालाला लावली. आणि म्हणाल्या, “पोरा, जरा उजेडात दाव की.” सेल्समन तरुण होता, स्वभावाने चांगला. त्याने छताकडे बोट केलं. “आजी, हा काय उजेड! सगळे दिवे नवे बसवलेत. अगदी दिवसासारखा उजेड आहे.” आजींनी वर पाहिलं, मग चहूकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “आन् दिवसाचा कुठं हाय?”

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. साडी हातावर टाकून तो दोघींना लिफ्टने खाली घेऊन गेला. माझी खरेदी झाली होती. मी जिन्याने उतरले तेव्हा ती सगळी दाराशी अडकलेली दिसली. साडीला टॅग होता, बिल झालं नव्हतं, आणि बिल न झालेला माल दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही असा वॉचमनला हुकूम होता. सेल्समन त्याला समजावत होता, तो मान हलवत होता, आणि आजी दाराच्या काचेला जवळजवळ टेकून पदर काचेकडे धरून उभ्या होत्या. काचेला गडद फिल्म लावलेली. तिच्यातून समोरचा रस्ताच करडा दिसत होता, तिथे साडीचा रंग काय कळणार? त्यांनी थोडा वेळ प्रयत्न केला. मग घडी होती तशी घातली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. घरी गेल्यावर निराळीच निघायची.” सून काही बोलली नाही. दोघी गर्दीत दिसेनाशा झाल्या.

मीही काही बोलले नाही. ते दुकान मी केलेलं आहे. २००९ साली त्याचे नकाशे माझ्या टेबलावर झाले, माझ्या सहीने गेले. आजी ज्या काऊंटरवर बसल्या होत्या, त्याच्यासमोर भिंतभर साड्यांची मांडणी आहे, तीही मीच आखलेली.

त्या मांडणीच्या मागे पाच खिडक्या आहेत.

तिथे पूर्वी वाडा होता. मागचे दोन चौक पाडून आरसीसी इमारत उभी राहिली, पण रस्त्याकडच्या भागात एक कूळ होतं आणि ते निघेना. निकाल लागेपर्यंत तेवढा भाग पाडायचा नाही असं ठरलं. निकाल लागला तोवर मागे स्लॅब टाकून झाले होते, मग पुढच्या भागाला लोखंडी खांब देऊन तो तसाच आत घेतला. त्यामुळे पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या अंगाला जुनी भिंत राहिली आणि तिच्यातल्या पाच सागवानी खिडक्याही राहिल्या. त्या मीच मोजल्या होत्या. दोन झडपा, आत आडवे गज, वर लाकडी महिरप, आणि भिंत जाड असल्यामुळे खिडकीत मांडी घालून बसता येईल एवढी रुंद जागा. त्या जागेचं लाकूड मधोमध गुळगुळीत झालेलं होतं, कडेला खरबरीत. किती पिढ्यांनी तिथे बसून रस्ता पाहिला असेल! मी टेपचं टोक त्या गुळगुळीत लाकडावर धरलं, माप लिहून घेतलं, ऑफिसात येऊन पाचही खिडक्यांवर फुल्या मारल्या आणि बाजूला बाण काढून लिहिलं: ‘बंद करणे’.

मालकांनी सांगितलेली कारणं खोटी नव्हती. दुकान भिंतीवर चालतं. “मॅडम, खिडकीत माल ठेवता येतो का? भिंतीत येतो,” असं थोरले मालक म्हणाले होते आणि ते शंभर टक्के खरं होतं. खिडकीतून धूळ येते, रस्त्याचा आवाज येतो, एसीची हवा जाते, रेशमाचा रंग उडतो. जगभरच्या मोठ्या दुकानांनी हेच केलंय. गंमत अशी, की या दुकानांची सुरुवात झाली तेव्हा ती उजेडासाठी जीव टाकत होती. पॅरिसमधलं ‘बों मार्शे’ १८७०च्या दशकात वाढवलं, तेव्हा लोखंडी सांगाडा करून मधे उंच मोकळी जागा सोडली आणि वर काचेचं छप्पर घातलं. त्या कामात गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीचा हात होता. विजेचे दिवे अजून यायचे होते, आणि कापड बघायला तर उजेड हवा. इमारत खोल, कडेच्या खिडक्यांचा उजेड मधपर्यंत पोचत नाही, म्हणून तो वरून आणायचा. आपल्या वाड्याच्या चौकानेही दुसरं काय केलं होतं? मग वीज आली, नळीचे दिवे आले, थंड हवेची यंत्रं आली आणि एकेक करत दुकानांनी खिडक्या मिटल्या. दुकानाची गरज आतून सुटली, पण रस्त्याची गरज तशीच राहिली. दुकानाला भिंत हवी असते आणि रस्त्याला खिडकी हवी असते, आणि जुन्या गावात मोठं दुकान बांधणाऱ्याच्या पदरात हे भांडण आयतं पडतं. कॉलेजमध्ये मला हे कुणी अशा शब्दांत सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं, तरी पस्तिशीच्या आत मला ते कळलं असतं असं वाटत नाही.

लहानपणी आईबरोबर साडी घ्यायला जायचे ती दुकानं एका खणाची, दोन खणांची. फळ्या काढल्या की दुकान उघडं. आत पांढरी गादी, लोड, कडेला गल्ला. चपला खाली काढून गादीवर बसायचं. माणूस उभ्यानेच घडी अशी फेकायचा, की साडी हवेत उलगडून बरोबर आईच्या पुढ्यात उतरायची आणि नव्या कापडाचा खळीचा वास यायचा. दोन-चार पसंत पडल्या की आई म्हणायची, “उजेडात बघू.” त्यात कुणाला अविश्वास वाटत नसे. दुकानदारच आधी उठायचा. दुकान ते ओटा चार पावलं. आई ओट्यावर उभी राहून पदर खांद्यावर टाकायची, दुकानदार दुसरं टोक धरायचा, आणि मग जे व्हायचं ते मला फार आवडायचं: रस्त्याने जाणारी एखादी अनोळखी बाई थबकायची आणि “छान दिसतोय हो रंग, घेऊन टाका” असं सांगून निघून जायची. एकदा एका बाईने नुसती मान हलवली होती, नको म्हणून. आईने ती साडी घेतली नाही. घरी येताना म्हणाली, “परक्या माणसाला आपलं पडलेलं नसतं, म्हणून ते खरं सांगतं.” आईचा तो राणी रंग चुकलेला होता की नव्हता, कुणास ठाऊक. पण दुकान, गिऱ्हाईक आणि रस्ता अशा तिघांच्या समोर ती खरेदी व्हायची, हे मला आज दिसतं.

दिव्यात आणि दिवसात रंग बदलतो, याला कारण आहे. दिवसाच्या उजेडात सगळे रंग भरलेले असतात. दिव्याच्या उजेडात काही कमी, काही जास्त. म्हणून दोन निळे दुकानात सख्खे वाटतात आणि अंगणात आले की चुलतसुद्धा राहत नाहीत. धूपछाव कापडात तर दोन रंग एकमेकांतून डोकावत असतात. त्यातला कुठला वर येणार हे उजेड ठरवतो. आता चांगले दिवे मिळतात, पूर्वीपेक्षा खूप चांगले, तो सेल्समन खोटं बोलत नव्हता. पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. आमचं दुकान रस्त्याच्या दक्षिणेला आहे. म्हणजे त्या पाच खिडक्यांचं तोंड उत्तरेला. उत्तरेकडून ऊन जवळजवळ येतच नाही, नुसता उजेड येतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा. चित्रकार स्टुडिओला उत्तरेची खिडकी मागतात ती याचसाठी. रंग बघायला याहून चांगला उजेड गावात नाही, आणि साड्यांच्या दुकानात तोच मी फुली मारून बंद केला.

बाहेरून काय केलं, तेही सांगायला हवं. जुनी भिंत आणि नवी इमारत एकसारखी दिसावी म्हणून दोन्हीवरून अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा सांगाडा बांधला आणि त्याच्यावर एसीपी शीट ठोकले. शीट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर, जाडी चार मिलिमीटर. दोन शिटांमधल्या फटीत सिलिकॉन भरायचं, वर अक्षरं लावायची, झालं एलेव्हेशन. महिन्याभरात काम उरकतं. रस्त्यावर पहिलं असं दुकान आलं तेव्हा ते खरंच उठून दिसलं होतं. मग शेजाऱ्याने केलं, त्याच्या शेजाऱ्याने केलं. आमचा वाडा वारसा यादीत नव्हता, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. जवळच्या विश्रामबागवाड्याच्या लाकडी सज्जापुढे लोक फोटो काढतात, आणि काढावेतच, १८०७ सालची ती इमारत आहे. पण सगळेच वाडे विश्रामबागवाडा नसतात. पेठांचा रस्ता बनला होता तो अशा बिननावाच्या वाड्यांच्या खिडक्यांनी, आणि त्या यादीत न बसणाऱ्या होत्या म्हणून कुठल्याही कागदावर त्या गेल्याची नोंद नाही.

लक्ष्मी रोडला खिडकी कशासाठी लागते हे विसर्जनाच्या रात्री कळतं. माझ्या आत्याचं घर त्या रस्त्यावर होतं, दुसऱ्या मजल्यावर. अनंत चतुर्दशीला आम्ही पंधरा-वीस जण तिच्याकडे जमायचो, गॅलरीत सतरंजी, मधे डब्यातल्या वड्या आणि पातेलंभर चहा. मानाचे गणपती दुपारपासून पुढे सरकायचे, मग रात्रभर बाकीचे. ढोल खाली वाजायचा आणि गॅलरीची लाकडी फळी आमच्या मांड्यांखाली थरथरायची. समोरच्या घरांतही प्रत्येक खिडकीत चार-चार डोकी. नावं माहीत नसलेल्या त्या माणसांशी आमची वर्षातून एकदा हात हलवून भेट व्हायची. खालची मुलं वर बघून ओरडायची, वरून कुणी फुलं टाकायचं. रस्त्याला दोन मजल्यांचा प्रेक्षक होता. दोन वर्षांपूर्वी मिरवणुकीत खालून चालताना मी वर पाहिलं. एखाद्या जुन्या घराच्या खिडकीत माणसं होती. मग एक सपाट पाटी. पुन्हा माणसं. पुन्हा सलग तीन दुकानं, शिटांवर ढोलपथकाच्या दिव्यांची नुसती चकाकी, आणि त्यांच्या मागे कुणीच नाही. आमच्या दुकानासमोर मी खाली बघत चालले.

मुलाकडे पॅरिसला गेले होते तेव्हा ‘सामारितेन’ मुद्दाम पाहिलं. १८७० साली एर्नेस्त कोन्याकने छोटंसं दुकान काढलं, त्याचं होता होता अख्खं मोहल्लाभर साम्राज्य झालं. आगीच्या धोक्यामुळे २००५ साली ते बंद केलं आणि २०२१ साली पुन्हा उघडलं. नदीकडचा भाग जुना, काचेच्या छताचा, मोरांची चित्रं असलेला, तो जपलाय. रिव्होली रस्त्याकडे मात्र जुनी घरं पाडून सना या जपानी वास्तुरचनाकार मंडळींनी लाटांसारख्या काचेचा दर्शनी भाग केला. लोक कोर्टात गेले. २०१४मध्ये खालच्या कोर्टाने परवाना रद्द केला, २०१५मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो कायम केला. तोवर ‘हा शॉवरचा पडदा कशाला?’ म्हणून गावभर वाद. एका दर्शनी भागासाठी एवढं भांडणारं गाव पाहून मला हेवा वाटला, हे मोकळेपणाने सांगते. समोरच्या फूटपाथवर भुरभुर पावसात मी बराच वेळ उभी होते. काचेत समोरच्या जुन्या घरांच्या खिडक्या डुलत होत्या. सुंदर होतं ते. पण स्वतःची खिडकी न देता शेजाऱ्याच्या उसन्या घेतल्यासारखं वाटत राहिलं. मग कळलं, की त्याच प्रकल्पात ९६ परवडणारी घरं आणि एक पाळणाघरही आहे, आणि माझं मन पुन्हा दुसरीकडे झुकलं. दुकानाच्या डोक्यावर मुलं राहणार असतील, तर रात्री तिथे दिवे दिसतील.

रोमचं दुकान मात्र माझ्या मनातून गेलेलं नाही. पियाझ्झा फ्यूमेला, रोमच्या तिसऱ्या शतकातल्या तटबंदीच्या समोर, फ्रांको अल्बिनी आणि फ्रांका हेल्ग या जोडीने ‘रिनाशेन्ते’ची इमारत केली. १९६१ साली ती पुरी झाली, आमच्याकडे पानशेत फुटलं त्याच वर्षी. तिथेही आत भिंत हवी होती, खिडक्या नको होत्या, तीच आमच्या मालकांची मागणी. त्यांनी मालकाला भिंत दिली. पण सपाट नाही दिली. थंड हवेच्या नळ्या वरून खाली आणायच्या होत्या, त्या फॉल्स सिलिंगमध्ये न लपवता बाहेरच्या भिंतीत घातल्या आणि जिथे नळी तिथे भिंतीला घडी पाडली. सिमेंटमध्ये ग्रॅनाइट आणि तांबड्या संगमरवराचा चुरा घालून त्या घड्या ओतल्या, रंग थेट समोरच्या तटाच्या विटांच्या घराण्यातला. बाहेर दिसणारा लोखंडी सांगाडा प्रत्येक मजल्याला कंगोरा काढत जातो. मी सकाळी गेले तेव्हा घड्यांच्या एका अंगाला सावली होती, दुपारी परत आले तेव्हा ती सरकून बारीक झाली होती. नेसलेल्या निऱ्यांसारखी भिंत. मी जवळ जाऊन हात लावला, चुरा बोटांना टोचला. खिडकी देता येत नाही, तर निदान सावली द्यावी, दिवसभर बदलत राहणारं काहीतरी द्यावं, एवढी जाण त्या दोघांना होती. आम्ही रस्त्याला चार मिलिमीटर दिले.

आणि तरी रोमच्या त्या भिंतीआडही आजींना साडी उजेडात बघता आली नसतीच.

आज तेच काम पुन्हा हाती आलं, तर काय करीन, याचं आराखड्यासकट उत्तर आता माझ्याकडे आहे. भिंत लागते ती मालाला. जिन्याला लागत नाही, आरशाला लागत नाही, बसायच्या बाकांना तर मुळीच लागत नाही. साडी घेणारी एक असते आणि सोबत आलेली चार. नवरा, सासरा, झोपलेलं मूल. त्यांना आम्ही कोपऱ्यात स्टुलावर बसवतो. त्यांची जागा खिडकीत. जिना रस्त्याच्या अंगाला आणायचा, म्हणजे चढता-उतरता रस्ता दिसेल आणि रस्त्यालाही माणसं दिसतील. माल इमारतीच्या पोटात, जिथे अंधारच बरा. आणि प्रत्येक मजल्यावर उत्तरेकडे निदान एक खण रिकामा, एक आरसा आणि चार फूट मोकळी जमीन, फक्त उजेडात बघण्यासाठी. मालकाचं दहा-बारा फूट मांडणीचं नुकसान होईल. त्याला ते पटवणं हे माझं काम होतं, आणि मी तेव्हा तोंडही उघडलं नव्हतं.

पौषात लग्नं नसतात, दुकानं जरा निवांत असतात, म्हणून मीच फोन केला. आता कारभार धाकट्या मालकांकडे आहे. आजींची हकीकत सांगितली. ते म्हणाले, “रोज दोन-तीन जणी विचारतात मॅडम. सुट्टीच्या दिवशी या, सुताराला बोलावतो.” गेलो. एका मांडणीतल्या साड्या उतरवून चादरीवर ठेवल्या, सुताराने पाठीचा प्लाय सोडवला, मागे थर्माकोल निघाला, त्याच्या मागे कोळिष्टकं आणि त्यांच्या मागे खिडकी. खालची कडी गंजली होती, पण हातोडीच्या मुठीने दोन टोले दिल्यावर वर आली. झडप बाहेर ढकलली तर चार बोटंच उघडली, कारण पुढे माझाच सांगाडा आडवा होता. बाहेरच्या दोन शिटांमधलं सिलिकॉन वाळून निघून गेलेलं होतं. त्या फटीतून आणि झडपेच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत आली, हातभर रुंदसुद्धा नाही, आणि चादरीवरच्या साड्यांवर पडली. ऊन नव्हतं ते. नुसता उजेड.

धाकट्या मालकांनी खाली वाकून ढिगातली एक साडी उचलली आणि पदर त्या पट्टीत धरला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“हा तर लालीवर आहे,” ते म्हणाले. “आम्ही वांगी म्हणून विकतोय.”

मग ती खांद्यावर टाकून त्यांनी दुसरी उचलली.